सर्व्हलेटचा तैनात जाबता

पेशवाईत एखाद्या किल्ल्यावर वा महालावर कामगिरीस माणसे पाठवावयाची झाली म्हणजे त्यांच्या हुशारीवर सर्व काही सोपवून हुजूर स्वस्थ बसत नसे; तेथे असामी किती राहावयाच्या आणि त्यांस वेतन काय मिळावयाचे, हे ठरवून देणारा तैनात जाबता दप्तरातून तयार होऊन निघे, आणि माणूस बदलला तरी जाबता कायम राही, अथवा माणूस तोच ठेवून जाबता बदलता येई. वेब सर्व्हरवर चालणाऱ्या प्रोग्रामांच्या जगातही याच जातीचा एक कागद गेली सुमारे तीस वर्षे चालत आला आहे. प्रोग्राम कामावर रुजू होताना, पहिल्या ग्राहकाची मागणी येण्यापूर्वीच, त्याच्या हाती काही नावे आणि त्या नावांपुढील मूल्ये दिली जातात: डेटाबेस कोठे आहे, नोंदवही कोणत्या फाइलीत ठेवावयाची, एका पृष्ठावर किती ओळी दाखवावयाच्या, इत्यादी. या नोंदींना आरंभीचे पॅरामीटर, किंवा धंद्यातील रोजच्या बोलीत इनिट पॅरामीटर, असे म्हणतात. विषय दिसावयास क्षुल्लक आहे. परंतु प्रोग्राम लिहिणारा एक आणि तो चालविणारा दुसरा अशी स्थिती निर्माण झाली, तेव्हापासून या दोघांमध्ये अधिकाराची वाटणी कशी करावी हा प्रश्न उपस्थित झाला. आणि त्याचा निकाल दर काही वर्षांनी कसा फिरत गेला, हे या नोंदींच्या इतिहासात जितके स्वच्छ दिसते तितके अन्यत्र क्वचितच दिसेल. जावा भाषेतील सर्व्हलेट हे त्याचे सर्वांत नीटस उदाहरण असल्यामुळे प्रस्तुत विवेचन मुख्यत्वे त्याच्यापुरतेच ठेवले आहे.

सर्व्हलेटच्या पूर्वीचा काळ प्रथम पाहिला पाहिजे. 1993 साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए या संस्थेत रॉब मॅकूल याने एचटीटीपीडी नावाचा वेब सर्व्हर लिहिला, आणि त्याच सुमारास सर्व्हरने बाहेरच्या प्रोग्रामास काम कसे सांगावे याविषयी सीजीआय हा संकेत रूढ झाला. त्या संकेतानुसार मागणी आली की सर्व्हर एक नवीन प्रोग्राम सुरू करी, मागणीची पद्धत, तिच्यातील प्रश्नचिन्हापुढचा मजकूर, सर्व्हरचे नाव आदी तपशील एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चलांत भरून त्याच्या स्वाधीन करी, आणि उत्तर मिळताच तो प्रोग्राम संपून जाई. अशा व्यवस्थेत प्रत्येक मागणी हाच आरंभ आणि प्रत्येक उत्तर हाच शेवट असल्यामुळे, आरंभी एकदा सांगून ठेवावयाची गोष्ट आणि प्रत्येक वेळी सांगावयाची गोष्ट यांत भेद करण्याचे प्रयोजनच उरत नसे. स्वतः सर्व्हरची व्यवस्था मात्र फाइलींत लिहिलेली असे. परंतु त्या सर्व्हरकडून चालविल्या जाणाऱ्या प्रोग्रामांसाठी असा कोणताही सर्वमान्य कागद नव्हता.

मग त्या प्रोग्रामांना स्थानिक परिस्थिती कळे तरी कशी? याचे उत्तर त्या काळच्या लोकप्रिय पर्ल प्रोग्रामांत सापडते. मॅट राइट याचा फॉर्ममेल हा 1995 सालचा प्रोग्राम असंख्य संकेतस्थळांवर बसविला गेला. कोणी फॉर्म भरला की त्यातील मजकूर ईमेलने धाडून देणे, एवढेच त्याचे काम. तो बसविणाऱ्या माणसास प्रोग्रामाची फाइलच उघडावी लागे, आणि वरच्या काही ओळींत आपल्या यंत्रावर ईमेल धाडणारा सेंडमेल हा प्रोग्राम कोठे आहे आणि कोणकोणत्या संकेतस्थळांवरून आलेला फॉर्म स्वीकारावयाचा, हे स्वहस्ते दुरुस्त करावे लागे. या रीतीत लेखकाचा मजकूर आणि वापरणाऱ्याची दुरुस्ती एकाच कागदावर पडे. लेखकाने सुधारलेली आवृत्ती काढली की वापरणाऱ्याची दुरुस्ती वाहून जाई, किंवा दुरुस्ती जपावयाची म्हणून सुधारणा लांबणीवर पडे. कारभार आणि कारभाराच्या अटी एकाच दस्तऐवजात लिहिल्या म्हणजे दोहोंपैकी एकाचे नुकसान होते, हा धडा त्या वर्षांनी पुरेपूर शिकविला.

1995 साली सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने जावा भाषा जगापुढे मांडली, तेव्हा तिचा बोलबाला झाला तो मुख्यतः ॲपलेटमुळे. ॲपलेट म्हणजे ब्राउझरमधील पृष्ठात बसविलेला छोटा प्रोग्राम. त्याच्या रचनेत एक फार उपयुक्त सोय होती: पृष्ठ लिहिणाऱ्याने ॲपलेटचा टॅग लिहावा आणि त्याच्या पोटात पॅरम नावाचे टॅग घालून प्रत्येकात एक नाव व एक मूल्य द्यावे, ॲपलेट सुरू होताच ती मूल्ये वाचून घेई. फिरत्या अक्षरांचा एकच ॲपलेट एका पृष्ठावर तांबडा मजकूर दाखवी, दुसऱ्यावर निळा, आणि त्याच्या लेखकास या दोन्ही पृष्ठांची खबरही नसे. ज्यास जावाचे अक्षरही ठाऊक नाही अशा पृष्ठलेखकाच्या हाती प्रोग्रामाच्या वर्तनाचा मर्यादित अधिकार आला, तो येथे. सर्व्हलेट हे ॲपलेटचेच सर्व्हरवरील भावंड. तेव्हा ही सोय त्याच्या वाट्यास वारशानेच आली, असे म्हणावयास हरकत नाही.

सर्व्हलेटची कल्पना जावाचा जनक जेम्स गॉस्लिंग याच्या मनात आरंभापासून होती. परंतु तिला ठाम रूप दिले ते सनमध्ये काम करणाऱ्या पावनी दिवाणजी या संगणकतज्ज्ञ बाईंनी. 1996 च्या मे महिन्यात जावावन या पहिल्याच परिषदेत सर्व्हलेटची जाहीर घोषणा झाली. जीव्ह्ज या टोपणनावाने वाढलेला जावा वेब सर्व्हर 1997 च्या जूनमध्ये विक्रीस आला, आणि त्याच महिन्यात सर्व्हलेटची पहिली संहिता, म्हणजे स्पेसिफिकेशन, हीही कायम झाली. सीजीआयच्या प्रोग्रामापेक्षा सर्व्हलेटचा स्वभाव मूलतः निराळा होता. ते एकदा सुरू झाले की सर्व्हरच्या पोटातच जिवंत राही. मागण्या येत, तीच एक वस्तू त्या साऱ्यांना उत्तरे देई, आणि सर्व्हर बंद होताना तिची विधिपूर्वक रवानगी होई. इनिट, सर्व्हिस आणि डिस्ट्रॉय अशा तीन अवस्थांत तिचे आयुष्य विभागलेले असे, आणि त्यांपैकी पहिली व शेवटची अवस्था तिच्या वाट्यास एकेकदाच येई. आरंभास अर्थ आला तो या दीर्घायुष्यामुळे. जे दिवसभर टिकणार त्यालाच सकाळी काही सांगून ठेवण्यात स्वारस्य असते.

हे सांगणे ज्या मार्गाने होई, त्याचे नाव सर्व्हलेटकॉन्फिग. कंटेनर, म्हणजे सर्व्हलेट चालविणारे यंत्रणेचे अंग, इनिटला हाक मारताना ही वस्तू त्याच्या हाती देतो. तिला विचारावयाचे प्रश्न आजही चारच आहेत: अमुक नावाच्या पॅरामीटरचे मूल्य काय, एकंदर नावे कोणकोणती, या सर्व्हलेटचे नोंदणीतील नाव काय, आणि ज्या सामायिक परिसरात ते राहते तो परिसर, म्हणजे सर्व्हलेटकॉन्टेक्स्ट, कोणता. यांतील नोंदणीचे नाव विचारण्याची सोय थोडी मागाहून आली. बाकीची तीन मूळचीच. या रचनेचा काटेकोरपणा लक्षात घेण्यासारखा आहे. मूल्य विचारता येते, बदलता येत नाही. जे मिळते ते केवळ अक्षरांची माळ असते, आकडा हवा असेल तर सर्व्हलेटने स्वतः तो त्यातून काढावा. आणि विचारलेले नाव जाबत्यात नसेल तर उत्तर नल, म्हणजे रिकामे, येते, अपवाद (एक्सेप्शन) उभा राहत नाही. वरवर पाहता ही कंजुषी वाटते. पण चालविणाऱ्याने लिहिलेले मूल्य प्रोग्रामाने परस्पर फिरवू नये, हा संकेत या कंजुषीमुळेच आपोआप पाळला गेला. शिवाय एकाच जावा वर्गाची (क्लासची) दोन निरनिराळ्या नावांनी नोंदणी करून त्यांस निरनिराळे पॅरामीटर देण्याची मुभा असल्यामुळे, एकदा लिहिलेले सर्व्हलेट दोन भिन्न कामगिऱ्यांवर एकाच वेळी पाठविता येई.

या रचनेत एक खाचही होती, आणि त्या वेळच्या शिकाऊ प्रोग्रामरांना ती चांगलीच भोवली. लेखकाने आपला इनिट लिहिताना हाती आलेला कॉन्फिग वडील वर्गाकडे सुपूर्द केला नाही, म्हणजे सुपर डॉट इनिट ही ओळ विसरली, तर आरंभ निर्विघ्न पार पडे. आणि पुढे केव्हातरी सर्व्हलेटने कॉन्फिगकडे अथवा परिसराकडे काही मागितले की नलपॉइंटर अपवाद उभा राही, ज्याचा उगम शोधताना माणसाची दमछाक होई. 1998 सालच्या 2.1 या आवृत्तीत यावर साधा उपाय निघाला: वडील वर्गाने कॉन्फिग स्वतः सांभाळावा आणि लेखकासाठी रिकाम्या हाताचा, कोणतेही आर्ग्युमेंट न घेणारा, निराळा इनिट ठेवावा. तेव्हापासून विसरण्याजोगी ती ओळ लिहिण्याचे कारणच राहिले नाही.

परंतु मोठी उणीव वेगळीच होती. पॅरामीटर कसा वाचावा हे संहितेने ठरविले, तरी तो कोठे लिहावा याविषयी ती मूक होती. सनच्या विकाससंचाबरोबर येणारा सर्व्हलेटरनर एका प्रॉपर्टीज फाइलीत पाही. तेथे सर्व्हलेट हा शब्द, त्यापुढे सर्व्हलेटचे नाव, त्यापुढे इनिटआर्ग्ज, आणि मग स्वल्पविरामांनी विभागलेल्या नाव-मूल्यांच्या जोड्या, अशी एक लांबलचक ओळ लिहावी लागे. अपाची सर्व्हरला जोडलेल्या जेसर्व्हमध्ये झोन नामक विभाग असत, आणि प्रत्येक झोनची स्वतंत्र प्रॉपर्टीज फाइल असे. जावा वेब सर्व्हरमध्ये फाइलीला हात लावण्याऐवजी 9090 या पोर्टवरील प्रशासनाचे दालन ब्राउझरमध्ये उघडून, तेथील रकाने भरावयाचे असत. सर्व्हलेट एकच, पण त्याचा जाबता प्रत्येक दरबारात वेगळ्या मोडीत लिहिलेला. तेव्हा एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर बिऱ्हाड हलविताना प्रोग्राम जसाच्या तसा जाई आणि त्याच्या नोंदी मात्र माणसाने बसून पुन्हा भराव्या लागत. एकदा लिहा आणि कोठेही चालवा, ही जावाची प्रतिज्ञा अशा रीतीने अर्ध्यावरच राहिली होती.

ती पुरी करण्याचे श्रेय 1999 सालच्या 2.2 या आवृत्तीस आणि तिचा संपादक जेम्स डंकन डेव्हिडसन यास दिले पाहिजे. सनमध्ये याच गृहस्थाने टॉमकॅट हा सर्व्हर लिहिला, जो त्याच वर्षी अपाची संस्थेस अर्पण करण्यात आला आणि पुढे सर्व्हलेट चालविणाऱ्या सर्व्हरांत सर्वांत परिचित ठरला. 2.2 ने वेब ॲप्लिकेशन ही एक संपूर्ण वस्तू मानली, तिचे सर्व सामान वॉर या एका गाठोड्यात बांधण्याचा नियम केला, आणि त्या गाठोड्यात वेब-आयएनएफ या फोल्डरमध्ये वेब डॉट एक्सएमएल ही फाइल असलीच पाहिजे असे ठरविले. तिला म्हणत डिप्लॉयमेंट डिस्क्रिप्टर. सर्व्हलेटची नेमणूक, त्याचा पत्ता, त्याचे पॅरामीटर, सारे काही या एका कागदात, आणि तो कागद प्रत्येक सर्व्हरास वाचता येईल अशा एकाच भाषेत. शिवाय एका सर्व्हलेटपुरत्या पॅरामीटरबरोबरच सबंध ॲप्लिकेशनास सामायिक असे कॉन्टेक्स्ट-पॅरमही या वेळी आले, जेणेकरून दहा सर्व्हलेटांना लागणारी एकच गोष्ट दहा ठिकाणी लिहिण्याचा त्रास वाचला.

या कागदातील एक नेमणूक जवळून पाहिल्यास त्या काळच्या वृत्तीची कल्पना येते. प्रथम सर्व्हलेट हा टॅग उघडावयाचा. त्यात सर्व्हलेट-नेम, म्हणजे नोंदणीचे नाव. मग सर्व्हलेट-क्लास, म्हणजे जावा वर्गाचे संपूर्ण नाव. मग इनिट-पॅरम, ज्याच्या पोटात आधी पॅरम-नेम, मग पॅरम-व्हॅल्यू, आणि ऐच्छिक असे डिस्क्रिप्शन. आणि अखेरीस लोड-ऑन-स्टार्टअप, ज्यात एक आकडा. तो आकडा जितका लहान तितकी हजेरी आधी. आकडाच नसेल तर सर्व्हलेट केव्हा उठवावे हे कंटेनरच्या मर्जीवर, आणि बहुधा ते पहिली मागणी येईपर्यंत निजून राही, ज्यामुळे उशिराचा भुर्दंड पहिल्या ग्राहकास पडे. हा क्रमही मनमानी नव्हता. त्या वेळच्या डीटीडी या व्याकरणात प्रत्येक टॅगची जागा ठरलेली होती. इनिट-पॅरम जर लोड-ऑन-स्टार्टअपच्या खाली गेला, तर मजकूर शुद्ध असूनही काटेकोर कंटेनर सबंध ॲप्लिकेशन फेटाळी. त्या दशकात जावा शिकलेल्या पुण्या-मुंबईच्या कित्येक तरुण अभियंत्यांची कोवळी उमेद अशा एखाद्या जागा चुकलेल्या टॅगपायी सायंकाळभर खर्ची पडली असेल. 2003 सालच्या 2.4 या आवृत्तीने डीटीडीच्या जागी एक्सएमएल स्कीमा आणली आणि वरच्या पातळीवरील टॅगांचा हा क्रम सैल केला.

2.2 च्या संहितेत आणखी एक गोष्ट होती, जी तांत्रिक नियमांच्या गर्दीत दुर्लक्षित राहिली, पण माझ्या मते सर्वांत महत्त्वाची आहे. तिने माणसांच्या भूमिका वेगवेगळ्या केल्या: ॲप्लिकेशन लिहिणारा विकासक, कंटेनर पुरविणारा, ॲप्लिकेशन प्रत्यक्ष जागी बसविणारा डिप्लॉयर, आणि यंत्रणेची देखरेख करणारा प्रशासक. गृहीत असे की विकासकाने गाठोडे बांधावे, डिप्लॉयरने ते उघडून त्या जागेस उचित अशी मूल्ये वेब डॉट एक्सएमएलमध्ये भरावी, आणि जावाच्या एका ओळीसही हात न लावता कारभार सुरू करावा. कागदावर ही विभागणी मोठी सुरेख होती. प्रत्यक्षात मात्र असा स्वतंत्र डिप्लॉयर फार थोड्या ठिकाणी आढळे. वेब डॉट एक्सएमएल लिहिणारा बहुधा विकासकच असे. ज्या माणसासाठी अधिकाराची सनद लिहिली तो माणूसच दरबारात नव्हता, हे या इतिहासाचे मर्म आहे, आणि पुढील सर्व घडामोडी त्यातून निघाल्या.

जाबता बदलण्याचा हा अधिकार खरोखर केवढा मोठा होता, याचा दाखला टॉमकॅटच्या आपल्याच फाइलीत मिळतो. टॉमकॅटच्या कॉन्फ फोल्डरमध्ये सर्व ॲप्लिकेशनांना लागू असणारी एक वेब डॉट एक्सएमएल असते. तीत डिफॉल्ट या नावाचे सर्व्हलेट नेमलेले असून साध्या फाइली वाटून देणे हे त्याचे काम. त्याचे पॅरामीटर अनेक आहेत, आणि प्रत्येकाचा अर्थ व त्याचे गृहीत मूल्य त्याच फाइलीतील टिपणात लिहिलेले आहे. लिस्टिंग्ज हे नाव घ्या: फोल्डरमध्ये मुखपृष्ठ नसेल तर आतील फाइलींची यादी ग्राहकास दाखवावी की नाही, हे त्यावरून ठरते. दुसरे नाव रीडओन्ली: गृहीत मूल्य ट्रू, म्हणजे बाहेरून कोणी फाइल लिहू अथवा पुसू म्हटल्यास नकार. सप्टेंबर 2017 मध्ये सीव्हीई-2017-12615 या क्रमांकाने एक दोष जाहीर झाला. टॉमकॅटच्या 7.0.0 ते 7.0.79 या आवृत्त्या विंडोजवर चालत असताना ज्या कोणी रीडओन्लीचे मूल्य फॉल्स करून ठेवले होते, त्याच्या सर्व्हरवर विशिष्ट रीतीने रचलेल्या पुट मागणीने जेएसपी, म्हणजे सर्व्हरवर प्रोग्रामासारखी चालणारी, फाइल चढविता येई, आणि मग तीच फाइल मागवून तिच्यातील वाटेल ती आज्ञा त्या यंत्रावर चालविता येई. मूळ दोष टॉमकॅटच्या लेखनातला खरा. पण तो बाधला त्यांनाच, ज्यांनी जाबत्यातील एक शब्द बदलला होता. गृहीत मूल्य सुरक्षित ठेवणारा लेखक आणि ते बदलण्यापूर्वी वरचे टिपण वाचणारा प्रशासक, या दोघांच्या सावधपणावर सारी इमारत उभी असते.

मधल्या काळात पॅरामीटरचे स्वरूपच पालटू लागले होते. 2000 साली क्रेग मॅक्लॅनहॅन याने स्ट्रट्स ही चौकट आरंभिली. तिच्यात प्रत्येक कामास वेगळे सर्व्हलेट न ठेवता ॲक्शनसर्व्हलेट या एकाच सर्व्हलेटाकडे सर्व मागण्या येत, आणि त्याला दिला जाणारा प्रमुख पॅरामीटर कॉन्फिग या नावाचा, ज्याचे मूल्य म्हणजे दुसऱ्या एका एक्सएमएल फाइलीचा पत्ता. 2004 च्या मार्चमध्ये पहिली आवृत्ती निघालेल्या स्प्रिंगनेही कॉन्टेक्स्टकॉन्फिगलोकेशन या नावाने हाच मार्ग पत्करला. याचा परिणाम असा झाला की वेब डॉट एक्सएमएलमधील पॅरामीटर स्वतः काही सांगेनासा झाला. खरा हुकूम कोठे ठेवला आहे, एवढेच तो दाखवू लागला. खऱ्या हुकुमांची ती दुसरी फाइल शेकडो ओळींची होई, तिच्यातून तिसऱ्या फाइलीकडे निर्देश होई, आणि डिप्लॉयरने बदलावयाच्या चार गोष्टी विकासकाखेरीज कोणासही न कळणाऱ्या चारशे गोष्टींत लोपून जात. एक्सएमएलचा अतिरेक झाला अशी ओरड या दशकात सर्वत्र ऐकू येई, ती अकारण नव्हती. मात्र ओरड करणाऱ्यांनी दोष कागदाच्या भाषेस दिला. वस्तुतः दोष होता तो कोणती गोष्ट कोणाच्या अधिकारात, याची शिस्त मोडल्याचा.

औषध मात्र भाषेवरच योजण्यात आले. 2004 सालच्या जावा 5 मध्ये ॲनोटेशन, म्हणजे प्रोग्रामाच्या मजकुरातच शेरा लिहिण्याची, सोय आली होती. तिचा आधार घेऊन 2009 च्या डिसेंबरातील सर्व्हलेट 3.0 ने वेब डॉट एक्सएमएल ऐच्छिक केली. आता वर्गाच्या डोक्यावर वेबसर्व्हलेट हे ॲनोटेशन लिहावे, त्यात वेबइनिटपॅरम घालून नाव आणि मूल्य तेथेच द्यावे, की झाले. सोय निर्विवाद होती. पण तिच्यातील विसंगतीही तितकीच उघड होती. जी गोष्ट लेखकाच्या मजकुराबाहेर ठेवण्यासाठी पॅरामीटरचा जन्म झाला, तीच त्याच्या मजकुरात येऊन बसली. आणि बदलावयाची तर संकलन पुन्हा करणे आले. फॉर्ममेलच्या वरच्या ओळी दुरुस्त करणाऱ्या माणसापासून आपण चौदा वर्षांत किती दूर आलो, असा प्रश्न कोणी विचारला असता तर उत्तर अवघडच होते. संहिताकारांना याचे भान नव्हते असे नव्हे. वेब डॉट एक्सएमएलमध्ये त्याच सर्व्हलेटच्या त्याच नावाचा पॅरामीटर असेल तर कागदाचा शब्द अखेरचा, ॲनोटेशनचा नव्हे, हा नियम त्यांनी जाणूनबुजून घातला. लेखकाने सुचवावे आणि चालविणाऱ्याने निकाल द्यावा, ही जुनी श्रेष्ठ-कनिष्ठता त्यामुळे निदान तत्त्वतः शाबूत राहिली. याच आवृत्तीत चालू प्रोग्रामातून पॅरामीटर घालण्याचा मार्गही उघडला. पण तोही दुहेरी बंधनात. परिसराचा आरंभ पूर्ण होण्यापूर्वीच तो घालता येई, आणि त्या नावाचे मूल्य आधी कोणी देऊन ठेवले असेल तर नवे मूल्य न स्वीकारता फॉल्स एवढेच उत्तर मिळे.

व्यवहारात मात्र आणखी एक अडचण बाकी होतीच. वॉरचे गाठोडे एकदा बांधले की त्यातील वेब डॉट एक्सएमएलही त्याच्याबरोबर बंद होई. चाचणीच्या सर्व्हरावर एक डेटाबेस आणि खऱ्या सर्व्हरावर दुसरा, तर गाठोडे सोडून पुन्हा बांधणे किंवा प्रत्येक जागेसाठी वेगळे गाठोडे बांधणे, हेच मार्ग. टॉमकॅटने ॲप्लिकेशनाच्या बाहेर, कॉन्टेक्स्टच्या फाइलीत, पॅरामीटर हा टॅग देऊन आणि त्यावर ओव्हरराइड फॉल्स असे लिहून वॉरमधील सामायिक मूल्यावर मात करण्याची तजवीज केली होती. परंतु ती एका सर्व्हरची खासगी तजवीज होती, संहितेचा नियम नव्हे. याहून गंभीर गोष्ट संकेतशब्दांची. डेटाबेसचा पत्ता, वापरणाऱ्याचे नाव आणि त्याचा गुप्त संकेतशब्द हे तिन्ही इनिट-पॅरम म्हणून उघड्या अक्षरांत लिहावे, असे सांगणारे धडे त्या काळी सर्रास दिले जात. गाठोडे ज्याच्या हाती पडेल त्याला तिजोरीची किल्लीही मिळे.

2011 च्या सुमारास हेरोकू या कंपनीत ॲडम विगिन्स याने आधुनिक ॲप्लिकेशनांसाठी बारा सूत्रे लिहिली, आणि त्यांतील तिसरे सूत्र असे की जागेगणिक बदलणारी प्रत्येक गोष्ट एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवावी. मजकूर आज जसाच्या तसा उघड केला तर एखादे गुपित फुटेल काय, ही त्याची कसोटी. 2013 मध्ये प्रोग्राम त्याच्या साऱ्या सामानासह डब्यात बंद करून चालविणारा डॉकर आला, 2014 च्या एप्रिलमध्ये स्प्रिंग बूटची पहिली आवृत्ती निघाली. त्यात सर्व्हरच ॲप्लिकेशनाच्या पोटात शिरला, आणि मूल्ये बाहेरून, आज्ञेच्या ओळीतून किंवा एन्व्हायर्नमेंटमधून, येऊ लागली. ज्या चलांतून एनसीएसएचा सर्व्हर 1993 साली आपल्या प्रोग्रामांशी बोलत असे, त्याच चलांकडे दोन दशकांनी सारा व्यवसाय परतला. फरक इतकाच की तेव्हा मागणी आणि आरंभ एकच असल्यामुळे ती चले दर मागणीस भरली जात, आणि आता ती आरंभी एकदाच वाचली जातात.

सर्व्हलेट मात्र या धामधुमीत टिकून राहिले. 2010 च्या जानेवारीत ओरॅकलने सन विकत घेतली. 2017 मध्ये सर्व्हलेट जिच्यात मोडते ती जावाची एंटरप्राइझ शाखा एक्लिप्स फाउंडेशनच्या स्वाधीन करण्याचे जाहीर झाले. आणि 2020 साली सर्व्हलेट 5.0 मध्ये पॅकेजच्या नावातील जावाएक्स हा शब्द जाऊन तेथे जकार्ता आला, ज्यामुळे जगभरच्या असंख्य प्रोग्रामांतील आयातीच्या ओळी बदलाव्या लागल्या. एवढी घरे बदलूनही सर्व्हलेटकॉन्फिगला विचारावयाचे प्रश्न चारच राहिले, मूल्ये अक्षरांचीच राहिली, आणि नावांची यादी आजही जावाच्या पहिल्या आवृत्तीतील एन्युमरेशन या जुन्या प्रकारानेच मिळते. स्प्रिंग बूटच्या पोटातील टॉमकॅटमध्ये डिफॉल्ट सर्व्हलेट नोंदविले, तर त्यासही त्याच मार्गाने पॅरामीटर मिळतात.

या सर्व वाटचालीवर निवाडा द्यावयाचा तर तो असा. कागद एक्सएमएलचा की प्रॉपर्टीजचा, मजकुरात की मजकुराबाहेर, यावर जितका खल झाला तितका त्या कागदाच्या वाचकावर झाला नाही. जी गोष्ट लेखकास लिहिताना कळणे अशक्य, ती चालविणाऱ्याच्या हाती असावी. जी गोष्ट लेखकाखेरीज कोणासही उमजणार नाही, ती पॅरामीटर करूच नये. आणि जी गोष्ट गुप्त, ती गाठोड्यात बांधू नये. ही तीन तत्त्वे पाळणाऱ्यांचे काम 1997 च्या एका लांबलचक ओळीतही नीट चालले, आणि न पाळणाऱ्यांचे ते आजच्या कोणत्याही साधनाने नीट चालणार नाही.

आणि एक विनंती. 1999 च्या व्याकरणाने प्रत्येक इनिट-पॅरमच्या शेवटी डिस्क्रिप्शनसाठी जागा ठेवली होती. 2003 च्या स्कीमेने ती उचलून सर्वांत वर आणली, नावाच्याही आधी. तरी बहुसंख्य वेब डॉट एक्सएमएल फाइलींत ती जागा रिकामीच असते. जो कोणी वाचक या व्यवसायात असेल, आणि आपल्या प्रोग्रामास बाहेरून द्यावयाचे एखादे मूल्य आज ठरवीत असेल, त्याने साधन कोणतेही वापरावे. पण ते मूल्य कोणी, केव्हा आणि कोणत्या मर्यादेत बदलावे, हे सांगणारी एक ओळ त्याच्या शेजारी अवश्य लिहावी.